वीस कोटी डॉलरचा खेळ

चित्रपटाचा निर्मितीखर्च हा जाहिरातीचा विषय असतो आणि अनेकदा तो फुगवूनही सांगितला जातो. व्हिडिओ गेमच्या धंद्यात मात्र रीत नेमकी उलटी आहे. गेम तयार करायला किती पैसा लागला हे मोठ्या कंपन्या सहसा सांगत नाहीत, आणि त्यामुळे या उद्योगाच्या अर्थकारणाची जी खात्रीची माहिती आज उपलब्ध आहे ती बहुतांशी कंपन्यांच्या मर्जीविरुद्ध, म्हणजे न्यायालयीन कागदपत्रांतून, नियामकांच्या अहवालांतून किंवा संगणकात घुसून केलेल्या चोरीतून बाहेर पडलेली आहे. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी विकत घेण्याच्या व्यवहाराला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा जून २०२३ मध्ये सोनीने सादर केलेल्या एका दस्तऐवजातले गोपनीय आकडे काळ्या मार्करने खोडलेले होते; पण कागद स्कॅन झाल्यावर शाईखालची अक्षरे सहज वाचता येऊ लागली आणि ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमचा खर्च २२ कोटी डॉलर, तर ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’चा २१ कोटी २० लाख डॉलर असल्याचे जगाला कळले. पहिल्या गेमवर ऐन भरात सुमारे २०० आणि दुसऱ्यावर ३०० माणसे काम करत होती, आणि दुसऱ्याला पाच वर्षे लागली, हेही त्याच कागदावर होते.

हे दोन आकडे अपवादात्मक नव्हते. याच व्यवहाराची छाननी करणाऱ्या ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२३ च्या अहवालात प्रकाशकांच्या हवाल्याने असे नोंदवले की, काही वर्षांपूर्वी मोठ्या गेमला ५ ते १५ कोटी डॉलर लागत, तर २०२४-२५ मध्ये बाजारात येतील अशा गेम्सना आता २० कोटी किंवा त्याहून अधिक रकमेची मंजुरी दिली जात आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या नेमबाजीच्या मालिकेचे आकडे त्याहूनही पुढे गेलेले आहेत. कॅलिफोर्नियातल्या एका दाव्यात ॲक्टिव्हिजनच्या अधिकाऱ्याने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निवेदनानुसार २०१५ च्या ‘ब्लॅक ऑप्स थ्री’वर ४५ कोटींहून अधिक, २०१९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’वर ६४ कोटींहून अधिक आणि २०२० च्या ‘ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर’वर ७० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला, अर्थात प्रकाशनानंतर या गेम्ससाठी जे काम चालू राहिले त्याचाही खर्च त्यात धरलेला आहे. तुलनेसाठी १९९९ मधला सेगा कंपनीचा ‘शेनम्यू’ घेता येईल; त्या काळी डोळे पांढरे करणारा त्याचा खर्च, त्याचे निर्माते यू सुझुकी यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, ४ कोटी ७० लाख डॉलर होता.

अशा गेम्सना उद्योगाच्या भाषेत ‘ट्रिपल-ए’ म्हणतात. या संज्ञेची काटेकोर व्याख्या कुठेही नाही. मोठा प्रकाशक, शेकडो माणसांचा ताफा, अनेक वर्षांचे काम आणि निर्मितीच्या तोडीचा जाहिरातखर्च ही लक्षणे एकत्र आली की गेम ट्रिपल-ए ठरतो. या वर्गात खर्च वाढत असताना खेळणाऱ्यांची तक्रारही वाढत गेली, की नवा गेम पहिल्या दिवशी धड चालत नाही, त्याच त्या मालिकांचे पुढचे भाग येत राहतात आणि पूर्ण किंमत मोजल्यावरही आत आणखी काही विकायला ठेवलेले असतेच. पैसा वाढला की वस्तू सुधारावी ही सर्वसाधारण अपेक्षा येथे का फसते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

खर्चाचे गणित मुळात सोपे आहे, कारण गेमला लागणारा कच्चा माल म्हणजे माणसांचा वेळ. पगार, कार्यालयाचे भाडे, विमा, संगणक, सॉफ्टवेअरचे परवाने हे सारे धरून अमेरिकेत एका माणसामागे महिन्याला १० हजार डॉलर असा ढोबळ आडाखा या धंद्यात बरीच वर्षे वापरला गेला आणि महागड्या शहरांत तो आता बराच वर गेला आहे. जुना आडाखा धरला तरी ३०० माणसे गुणिले ६० महिने गुणिले १० हजार डॉलर म्हणजे १८ कोटी डॉलर होतात, आणि सोनीच्या खोडलेल्या कागदातला आकडा इतका आश्चर्यकारक का नव्हता हे लक्षात येते. ताफा सुरुवातीपासून पूर्ण भरलेला नसतो हे खरे. पण एकदा भरला की प्रत्येक महिन्याचा उशीर तीस लाख डॉलर घेऊन जातो, आणि गेमच्या दर्जाचा प्रश्न पुढे याच तीस लाखांपाशी येऊन अडतो.

इतकी माणसे कशाला लागतात हे समजण्यासाठी कुठल्याही गेममध्ये दिसणारी एखादी लाकडी पेटी जवळून पाहावी. १९९३ च्या ‘डूम’मध्ये जमीन आणि छत यांची चित्रे ६४ गुणिले ६४ ठिपक्यांची होती, आणि अशा मापाचे पेटीचे चित्र एकट्या चित्रकाराला फार वेळ न घालवता काढता येत असे. आजच्या गेममधल्या पेटीचा आधी त्रिमितीय आराखडा तयार होतो. मग लाकडाचा रंग, त्यावरचे उंचसखलपण आणि प्रकाश परावर्तित करण्याचा खरखरीतपणा यांची वेगवेगळी चित्रे तिच्यावर चढवली जातात. ती लांबून दिसताना संगणकावर भार पडू नये म्हणून तिच्या कमी तपशिलाच्या आणखी काही आवृत्त्या कराव्या लागतात. पात्र तिच्या आरपार जाऊ नये म्हणून तिची अदृश्य सीमा आखावी लागते. ती फुटणार असेल तर तुकडे, धूळ आणि आवाज लागतात. आणि शत्रूला तिच्यामागे दडता यावे असे ठरले तर ती कुठे आहे हे शत्रूच्या हालचाली ठरवणाऱ्या आज्ञावलीलाही शिकवावे लागते. पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या फुल एचडीत सुमारे २०.७ लाख असते, ती फोर-के पडद्यावर चौपट, म्हणजे ८२.९ लाख झाली, आणि जो तपशील पूर्वी अंधुकपणात खपून जात असे तो आता उघडा पडू लागला. हा हिशेब एका पेटीचा आहे. माणसाचा चेहरा घडवायचा असेल तर नटाच्या अंगावर खुणा लावून त्याची हालचाल टिपण्याचे, ज्याला मोशन कॅप्चर म्हणतात ते तंत्र, ध्वनिमुद्रण आणि ओठांच्या हालचाली जुळवण्याचे काम त्यात भर घालते.

या कामाचा मोठा हिस्सा मुख्य स्टुडिओत होतही नाही. वस्तू, झाडे, वाहने, कपडे यांच्या प्रतिकृती करून देणाऱ्या कंपन्या पूर्व युरोप, चीन, मलेशिया आणि भारतात उभ्या राहिल्या. बंगळुरूची १९९७ मध्ये स्थापन झालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही त्यांतली एक जुनी आणि नावाजलेली, जी २०१९ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेच्या रॉकस्टार गेम्सने विकत घेतली. बाहेरून काम करून घेतल्याने माणशी दर कमी होतो, पण समन्वयाचे काम वाढते, आणि समन्वय करणारी माणसेही पगारावरच असतात.

खरी मेख पुढे आहे. तपशील दुप्पट करण्याचा खर्च दुप्पट किंवा अधिक असतो, पण पाहणाऱ्याला जाणवणारा फरक दर पिढीत कमी होत जातो. अर्थशास्त्रात यालाच घटता सीमांत परतावा म्हणतात, म्हणजे प्रत्येक वाढीव रुपयातून मिळणारी वाढीव उपयुक्तता आधीच्या रुपयापेक्षा कमी असते. नव्वदीच्या दशकात द्विमितीय चित्रातून त्रिमितीय जगात पडलेले पाऊल कोणाच्याही नजरेत भरत होते, तर कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रांच्या, गेल्या दोन पिढ्यांमधला फरक दाखवायला चित्रे शेजारी शेजारी ठेवावी लागतात. सोनीच्या मालकीच्या इन्सोम्नियाक स्टुडिओची कागदपत्रे डिसेंबर २०२३ मध्ये चोरीला जाऊन उघड झाली, त्यांत ‘स्पायडर-मॅन २’वर ३० कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे २०१८ च्या पहिल्या भागाच्या जवळपास तिप्पट खर्च झाल्याचे दिसले, आणि ही तिप्पट गुंतवणूक खेळणाऱ्याला दिसून येते का, असा प्रश्न स्टुडिओने आपल्याच अंतर्गत सादरीकरणात विचारलेला होता. या उद्योगावर बाहेरून झालेल्या कुठल्याही टीकेपेक्षा हा प्रश्न अधिक नेमका आहे.

खर्च असा चढत असताना किंमत मात्र बराच काळ जागच्या जागी राहिली. २००५ च्या सुमारास मोठ्या गेमची किंमत अमेरिकेत ६० डॉलर झाली आणि २०२० पर्यंत ती तिथेच होती; त्यानंतर ७० डॉलरचा दर रूढ झाला आणि २०२५ मध्ये निन्टेंडोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ला ८० डॉलर लावले. महागाई विचारात घेतली तर २००५ चे ६० डॉलर आज ९० डॉलरहून अधिक भरतात, त्यामुळे गेम महागले ही ग्राहकाची ओरड आणि गेम स्वस्त पडू लागले ही निर्मात्याची तक्रार एकाच वेळी खरी असू शकते. भारतात हा वाद वेगळ्याच पातळीवर पोचतो, कारण डॉलरमधल्या वाढीव दराचे रुपयांत रूपांतर होऊन प्लेस्टेशनचा नवा गेम पाच हजार रुपयांच्या घरात जातो आणि कन्सोलवर खेळणारा वर्ग मुळातच छोटा राहतो.

शिवाय ७० डॉलर संपूर्ण निर्मात्याच्या हाती पडत नाहीत. गेम ज्या डिजिटल दुकानातून विकला जातो ते दुकान साधारण ३० टक्के कापून घेते आणि ४९ डॉलर उरतात. म्हणजे ३० कोटी डॉलरचा खर्च भरून यायला, जाहिरात आणि पात्रांच्या हक्काची रक्कम बाजूला ठेवूनसुद्धा, पूर्ण किमतीच्या ६१ लाखांहून अधिक प्रती खपाव्या लागतात. इन्सोम्नियाकच्या कागदांत ही संख्या ७२ लाख दिली होती. इतक्या प्रती खपवायच्या म्हणजे कोणालाही खटकेल असे काही करता येत नाही. नवी कल्पना, अनोळखी नायक किंवा विचित्र नियम यांवर पाच वर्षे आणि वीस-तीस कोटी लावण्याची छाती कोणत्याही वित्तविभागाला होत नाही, आणि म्हणून तेच सुपरहिरो, त्याच मालिका आणि जुन्याच गेम्सच्या रंगरंगोटी केलेल्या आवृत्त्या पुन्हा पुन्हा येत राहतात. सोनीच्या गेम स्टुडिओंचे माजी प्रमुख शॉन लेडन यांनी पद सोडल्यानंतर २०२० मध्ये दर पिढीत दुप्पट होणाऱ्या खर्चाबद्दल जाहीरपणे धोक्याची सूचना दिली होती आणि बारा-पंधरा तासांच्या छोट्या गेमकडे परतण्याचा विचार मांडला होता; उद्योगाने ती कानाआड केली.

किंमत फारशी वाढवता येत नाही आणि खर्च आवरत नाही, तेव्हा एकदा विकलेल्या गेममधून पुन्हा पुन्हा पैसा काढण्याच्या वाटा शोधल्या गेल्या. त्यांतली सर्वांत बदनाम वाट म्हणजे ‘लूट बॉक्स’, म्हणजे आत काय आहे हे न सांगता विकलेली आभासी पेटी, जिच्यातून भारी वस्तू निघेल की टाकाऊ हे नशिबावर असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’वरून यासाठी गदारोळ झाला आणि २०१८ मध्ये बेल्जियमने अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले. दुसरी वाट ‘लाइव्ह सर्व्हिस’ची, ज्यात गेम ही वस्तू न राहता वर्षानुवर्षे चालणारी सेवा होते आणि खेळाडू दर मोसमात थोडे थोडे पैसे देत राहतो. २०१७ पासून ‘फोर्टनाइट’ला मिळालेले यश पाहून प्रत्येक मोठ्या प्रकाशकाने या वाटेवर कोट्यवधी ओतले, पण माणसाचे संध्याकाळचे तास मोजकेच असल्याने अशा दोन-चार गेम्सपलीकडे पाचव्याला जागा उरत नाही, हे साधे गणित मागे पडले. सोनीच्या फायरवॉक स्टुडिओचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी ४० डॉलरला बाजारात आला, ६ सप्टेंबरला बंद करण्यात आला, घेतलेले पैसे परत करण्यात आले आणि ऑक्टोबरअखेर स्टुडिओही बंद झाल्याची घोषणा झाली. कित्येक वर्षांचे काम दोन आठवड्यांत संपले.

आता दर्जाच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे गेम मुळात नीट चालतो की नाही, याकडे वळता येईल. चिप बसवलेल्या कार्ट्रिजमधून गेम विकले जात तेव्हा त्यातली चूक चिपमध्ये कायमची कोरली जात असे. एकदा कारखान्यातून माल सुटला की दुरुस्ती नव्हती, आणि चुकांची किंमत परत आलेल्या मालाच्या रूपाने कंपनीलाच भोगावी लागे. अटारी कंपनीने १९८२ मध्ये ‘ई.टी.’ हा गेम सुमारे पाच आठवड्यांत उरकला आणि न खपलेली कार्ट्रिज पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्दो येथे जमिनीत पुरावी लागली, हा प्रसंग अनेक पुस्तकांत आलेला असल्याने येथे त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. घाईचा आणि निकृष्ट माल हा काही आजचा शोध नाही, एवढेच त्यातून घ्यायचे. इंटरनेट घरोघरी पोचल्यावर मात्र परिस्थिती पालटली, कारण विकलेल्या गेममध्ये नंतर दुरुस्ती पाठवता येऊ लागली. या दुरुस्तीला पॅच म्हणतात, आणि गेम ज्या दिवशी विक्रीला येतो त्याच दिवशी उतरवून घ्यावा लागणारा ‘डे-वन पॅच’ आता इतका नेहमीचा झाला आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. तांत्रिक सोय म्हणून आलेली ही गोष्ट हळूहळू वेळापत्रकाचा भाग बनली: अपुरे काम प्रकाशनानंतर पुरे करता येईल असे गृहीत धरूनच तारीख ठरू लागली.

‘सायबरपंक २०७७’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने या गेमची घोषणा २०१२ मध्ये केली. प्रकाशनाची तारीख एप्रिल २०२० वरून सप्टेंबर आणि सप्टेंबरवरून १९ नोव्हेंबर अशी ढकलली गेली. ५ ऑक्टोबरला गेम ‘गोल्ड’ झाल्याचे जाहीर झाले, म्हणजे डिस्क छापायला कारखान्यात पाठवण्याजोगी मूळ प्रत तयार झाली, आणि त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी तारीख पुन्हा २१ दिवसांनी पुढे गेली, कारण कारखान्यात गेलेली प्रत तयार असली तरी पहिल्या दिवसाचा पॅच तयार नव्हता. कर्मचाऱ्यांवर सक्तीचे जादा काम, ज्याला या धंद्यात ‘क्रंच’ म्हणतात, लादणार नाही असे आश्वासन कंपनीने २०१९ मध्ये दिले होते. सप्टेंबर २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा लागू झाला. १० डिसेंबरला गेम बाहेर पडला तेव्हा समीक्षकांना आधी फक्त ताकदवान संगणकावरची आवृत्ती देण्यात आली होती, आणि जुन्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर तो इतका वाईट चालत होता की आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. जून २०२१ पर्यंत तो परत आला नाही. तरीही डिसेंबर २०२० अखेर त्याच्या १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. पुढे जवळपास तीन वर्षे दुरुस्त्या करून सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने तो खरोखर चांगला गेम बनवला आणि गमावलेले नाव बरेचसे परत मिळवले. पण जी दुरुस्ती ग्राहकाच्या पैशावर आणि ग्राहकाच्या घरी झाली ती विक्रीपूर्वी का झाली नाही, याचे उत्तर त्या तीस लाख डॉलरच्या महिन्यात आहे. ताफा जितका मोठा तितका थांबण्याचा खर्च मोठा, आणि आर्थिक वर्षाची अखेर, नाताळचा हंगाम व आधीच आरक्षित केलेल्या जाहिराती यांच्यापुढे चाचणी विभागाचा शब्द चालत नाही.

संगणकावरच्या आवृत्त्यांची दुखणी आणखी वेगळी आहेत. सेकंदाला ६० चौकटी दाखवायच्या तर प्रत्येक चौकट तयार करायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. पृष्ठभागावर प्रकाश कसा दिसावा हे सांगणाऱ्या छोट्या आज्ञावलीला शेडर म्हणतात, आणि आधी तयार करून न ठेवलेला शेडर ऐन खेळात प्रथमच लागला आणि तो त्या संगणकाच्या चित्रप्रक्रियकासाठी जुळवून घ्यायला समजा १०० मिलिसेकंद गेले, तर तेवढ्यात सहा चौकटी गळतात आणि चित्र झटका खाते. कन्सोल सगळे एकसारखे असल्याने तेथे शेडर आधीच जुळवून पाठवता येतात, संगणकांची घडण मात्र घरोघर वेगळी असते. २०२३ च्या वसंतात संगणकावर आलेले ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ आणि ‘स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर’ हे दोन्ही गेम अशा आणि इतर अडचणींसह आले. त्याआधी जून २०१५ मध्ये ‘बॅटमॅन: आर्कम नाइट’ची संगणकावरची विक्रीच थांबवावी लागली होती. झटका जाहिरातीच्या चित्रफितीत दिसत नाही, आणि मोठ्या गेमचा पैसा चित्रफितीत दिसेल अशाच गोष्टींवर पहिला खर्च होतो. खर्च आणि दर्जा यांची फारकत होण्याचे मूळ कारण हेच आहे.

फारकतीला हातभार लावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अनुभवाची गळती. कोविडच्या साथीच्या काळात घरी बसलेल्या जगाने गेम्सवर भरपूर खर्च केला, कंपन्यांनी ती भरती कायमची समजून माणसे घेतली आणि ओहोटी लागताच काढून टाकली: एकट्या जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातून १,९०० जणांना कमी केले आणि पुढच्याच महिन्यात सोनीने ९०० जणांना. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने टँगो गेमवर्क्स हा जपानी स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय घेतला, ज्याच्या २०२३ मधल्या ‘हाय-फाय रश’चे सर्वत्र कौतुक झाले होते, पुढे कोरियाच्या क्राफ्टनने तो स्टुडिओ उचलला म्हणून वाचला. एखादे इंजिन, म्हणजे गेमचे भौतिक नियम, प्रकाश आणि हालचाल सांभाळणारा पायाभूत सॉफ्टवेअरचा सांगाडा, वर्षानुवर्षे हाताळलेला माणूस गेला की त्याच्या डोक्यातले ज्ञान कोणत्याही दस्तऐवजात मागे राहत नाही, आणि नव्या माणसाच्या चुकांची बेरीज पुढच्या गेममध्ये दिसते.

या साऱ्या व्यवहाराचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून आहे. मोठ्या गेम्सची चाचणी आणि सहनिर्मिती करत आलेल्या या स्टुडिओंकडे २००३ च्या गाजलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती मुख्य जबाबदारीने सोपवण्यात आली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिची घोषणा झाली. किंमत ४० डॉलर होती, तेव्हाच्या ट्रिपल-ए दरापेक्षा बरीच कमी. पण पहिल्या चित्रफितीतले चेहरे आणि पोत जुनाट दिसतात अशी टीकेची झोड उठली, जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर आणि मग बेमुदत पुढे गेली, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे वळवण्यात आले आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने तो गेमच रद्द केला. मध्यम खर्चात, मध्यम किमतीत गेम विकण्याचा हा प्रयत्न चित्रांच्या तपशिलावरून आपटला, यात खेळणाऱ्या वर्गाचाही वाटा आहे हे नाकारता येत नाही. जो ग्राहक खर्चाबद्दल बोटे मोडतो तोच चेहऱ्यावरची छिद्रे दिसत नाहीत म्हणून नाक मुरडतो. त्याच पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने लोकवर्गणीचा प्रयत्न २०१७ मध्ये फसल्यानंतरही ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये पूर्ण केला आणि तो त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटातल्या नामांकनापर्यंत पोचला.

मधल्या आकाराची ही जागा रिकामी नाही, असे गेल्या काही वर्षांत दिसू लागले आहे. फ्रान्समधल्या माँपेलिए येथील सँडफॉल इंटरॅक्टिव्हने सुमारे ३० जणांच्या मुख्य चमूवर, बाहेरच्या मदतनिसांच्या साथीने, ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ तयार केला, एप्रिल २०२५ मध्ये ५० डॉलरला आलेल्या या गेमच्या ३३ दिवसांत ३३ लाख प्रती खपल्या आणि डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट गेमचा मान मिळाला. बेल्जियमच्या लॅरियनने ‘बाल्डर्स गेट ३’ हा प्रचंड गेम जवळपास तीन वर्षे अपूर्ण अवस्थेतच, पण अपूर्ण असल्याचे स्पष्ट सांगून, विकला आणि खेळणाऱ्यांच्या सूचना घेत ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण केला. अपुरा माल विकणे आणि अपुरा असल्याचे सांगून विकणे यांत किती अंतर आहे हे ‘सायबरपंक’शी त्याची तुलना केल्यावर कळते. पत्त्यांवर आधारलेला ‘बालाट्रो’ तर एकाच माणसाने घडवला आणि प्रकाशनानंतर वर्षाच्या आत त्याच्या ५० लाख प्रती गेल्या. अशी उदाहरणे देताना हातचे राखून बोलावे लागते, कारण २०२४ मध्ये स्टीम या एकाच दुकानात १८ हजारांहून अधिक नवे गेम आले आणि त्यांतल्या बहुतेकांची नावेही कोणाच्या कानावर गेली नाहीत. छोटे असणे ही यशाची हमी नाही. पण लहान चमूचे अपयश लहान असते आणि त्यात शेकडो माणसांच्या नोकऱ्या जात नाहीत, हा फरक मोठा आहे.

सगळेच गेम बिघडले असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. चांगले गेम आजही निघतात, आणि जुन्या काळातला गाळ विस्मरणात गेल्यामुळे तो काळ आहे त्याहून उजळ दिसतो. घसरला आहे तो पहिल्या दिवसाचा भरवसा. कार्ट्रिज आणि डिस्क यांच्या जमान्यात मोजक्याच प्रती दुकानात येत आणि संपून जात, म्हणून आगाऊ पैसे भरून प्रत राखून ठेवण्यात अर्थ होता. डिजिटल प्रत कधीच संपत नाही, तरीही आगाऊ नोंदणी चालू आहे आणि अपुरा गेम ठरल्या तारखेला बाजारात ढकलण्याचे धाडस कंपन्यांना त्याच पैशातून येते. वाचकाने नवा मोठा गेम घ्यायचा असेल तर दोन-चार महिने थांबावे, तोवर बहुतेक दुरुस्त्या झालेल्या असतात आणि किंमतही अनेकदा उतरलेली असते. थांबवत नसेल तर निदान एवढे ध्यानात ठेवावे की स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास परत करता येतो.